ताईंचा पंख

“कुंदा, फडकं घट्ट पिळून घे ग. ओघळ राहायला नकोत.”

“आत्ताच सांगितलंत, ताई.”

“सांगितलं का? बरं. मग पीळ की!”

ताई ग्लायडरच्या पलीकडच्या पंखापाशी होत्या आणि मी अलीकडच्या. आदल्या दिवशी हवेत धडकून मेलेले किडे पंखाच्या पुढच्या कडेला वाळून चिकटले होते आणि मी ते ओल्या फडक्यानं घासून काढत होते. एवढ्याशा चिलटांनी म्हणे ग्लायडरचा वेग कमी होतो. पहिल्या दिवशी हे ऐकून मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. पण आजूबाजूला पाहिलं तर सगळं मैदानच फडकी घेऊन किडे पुसत होतं.

“घरी भांडी घासायला बाई ठेवलीय आणि इथं हंगेरीत येऊन मी चिलटं पुसतेय,” मी म्हटलं. “आमच्या कराडात कळलं तर माहेरी तोंड दाखवायची सोय राहणार नाही.”

“तोंड आहे तोवर दाखवशीलच तू,” ताई म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या.

नव्वद-ब्याण्णवची गोष्ट आहे. बायकांची ग्लायडिंगची स्पर्धा होती ती. देशोदेशीच्या बायका आपापली ग्लायडरं लांबलचक पेट्यांतून मोटारीमागे ओढत तिथं आल्या होत्या. मैदानाच्या कडेला तंबूंची रांग, त्यापुढं सूर्यफुलांची शेतं, आणि ती संपतात कुठं ते दिसत नाही. माझ्या नणंदबाई, हेमलता टिपणीस, भारतातून आलेल्या एकट्याच होत्या. नोकरी बँकेत, लग्न केलेलं नाही, आणि सुट्टीचा एकूण एक दिवस पुण्याच्या ग्लायडिंगच्या मैदानावर घालवलेला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. कुणीतरी वर ओढून सोडायचं, मग आपलं आपण ढगाखालची वर चढणारी गरम हवा शोधायची, तिच्यात घारीसारखं गोल फिरत उंची कमवायची आणि पुढं सुटायचं. ताईंनी मैदानावर किती पोरांना हे शिकवलं त्याची गणती नाही. पण परदेशातल्या स्पर्धेत एकदा उतरायचं, सगळे दिवस उडायचं आणि शेवटच्या दिवशी शेवटची रेषा ओलांडून परत यायचं, ही त्यांची जन्माची इच्छा होती. कातालिन नावाची एक हंगेरियन बाई कधी काळी पुण्याला येऊन ताईंबरोबर उडाली होती. तिनं बोलावलं, तिच्या क्लबचं ग्लायडर दिलं, आणि ताईंचा तो योग आला. तेव्हा त्या रिटायर व्हायच्या बेतात होत्या. परत असा योग येणार नव्हता.

तिथं प्रत्येक वैमानिकाबरोबर मदतीला एक माणूस लागतो. त्याला क्रू म्हणतात. ताईंच्या हाताखालून गेलेली पोरं यायला एका पायावर तयार होती. ताईंनी निवडलं मला.

“ताई, अग हिला पाना आणि लाटणं यातला फरक कळत नाही,” आमचे हे म्हणाले. हे म्हणजे अरविंद, ताईंचे धाकटे भाऊ.

“मला हीच पाहिजे,” ताई म्हणाल्या. विषय संपला.

आता आमचं दोघींचं मेतकूट होतं म्हणावं, तर तेही नाही. मी तोंडाची फटकळ. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला ताईंनी मेहनतीनं केलेल्या चकल्या मी सगळ्यांदेखत दातांना झेपत नाहीत म्हणून सांगितलं होतं. ताईही काही कमी नव्हत्या. मला वाटलं, बाईला परक्या मुलखात खायचे हाल नकोत, म्हणून मला नेतेय. मी मुकाट्यानं भाजणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बांधून घेतलं.

तिथला दिवस ठरलेला असायचा. सकाळी पुसापुशी. मग विमानं ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये सगळ्या बायका जमायच्या. अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ फळ्यावर हवेचं सांगायचा, आणि मग त्या दिवसाचं टास्क लिहायचा. म्हणजे कुठून निघायचं, कुठल्या खुणेला वळसा घालायचा आणि परत यायचं. रोज वेगळी खूण. वळसा घातल्याचा पुरावा म्हणून काचेला लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं तिथला फोटो काढून आणायचा. ताई नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढायच्या आणि मला वाचून दाखवायच्या. मग सगळी ग्लायडरं ओळीनं उभी राहायची. पुढं एक छोटं इंजिनवालं विमान येऊन दोर लावायचं. ग्लायडर जमिनीवर एका पंखावर कलून बसलेलं असतं. आतल्या बाईनं अंगठा वर केला की तिच्या क्रूनं पंखाचं टोक धरून उचलायचं आणि ग्लायडर सरळ करायचं. पंख उचलला म्हणजे बाई तयार आहे, ही खूण. तो उचलल्याशिवाय पुढचं विमान ओढत नाही. हे एक काम मला फार आवडायचं. चार पावलं पंखाबरोबर पळायचं, आणि हातातून तो आपसूक निघून जायचा.

एकदा सगळ्या वर गेल्या की मैदान ओस पडायचं. मग खाली राहिलेल्यांचं राज्य. आणि खाली कोण, तर नवरे! अहो, जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बायका आकाशात आणि धिप्पाड गोरे नवरे ओळीनं बसून बटाटे सोलताहेत, बायकोचे मोजे वाळत घालताहेत, आणि मधूनच मान वर करून ढगांकडे बघताहेत. मी ह्यांना पत्रात लिहिलं, इथं येऊन चार दिवस शिकून जा.

ताई सुरेख उडत होत्या. सुरुवातीला कुणी त्यांना खिजगणतीत धरलं नव्हतं. विंचच्या दोरानं वर जाऊन मैदानाभोवती फिरणाऱ्या, असं समजत होते. विंच म्हणजे पुण्याला मैदानाच्या टोकाला असतं ते दोर गुंडाळायचं यंत्र, त्यानंच तिकडं ग्लायडर वर ओढतात. पण एका दिवशी ताई पाचव्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या चड्डीतल्या गृहस्थानं त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, मधल्या पट्ट्यात वर चढणारी हवा नव्हती तिथून कशा निघालात? ताई म्हणाल्या, “करकोच्यांनी दाखवली वाट. ते फिरत होते तिथं जाऊन मीही फिरले.” सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं. चकल्यांचं सोडा, ही बाई माझ्या घरातली होती.

छोट्यामोठ्या गोष्टी मला दिसत नव्हत्या असं नाही. उपीटात दोनदा मीठ पडलं. कातालिनला ताईंनी एक विनोद सांगितला, ती पोट धरून हसली, आणि तिचा चहा संपायच्या आत ताईंनी तोच विनोद पहिल्यापासून परत सांगितला. कातालिन पुन्हा हसली, पण जरा कमी. मी म्हटलं, वय झालं, ऊन आहे, दगदग आहे. माझंही कुठं लक्ष असतं? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते मी.

स्पर्धा संपत आली होती, शेवटून दुसरा दिवस. आदल्या दिवशी वळायची खूण होती साखर कारखान्याची चिमणी. मी कराडची, त्यामुळं हंगेरीत साखर कारखाना निघाला म्हणून मला केवढं कौतुक. बिटाची साखर करतात म्हणे. त्या दिवशी खूण होती दोन मनोऱ्यांचं चर्च, कारखान्याच्या बरोबर उलट्या दिशेला. ताईंनी माझ्यासमोर पेन्सिलीची रेघ ओढली, वाचून दाखवलं, मी पंख उचलला, त्या गेल्या.

आणि सगळ्यांच्या आधी परत आल्या.

मी तंबूत पडले होते. बाहेर नवरे ओरडायला लागले, “इंडिया! इंडिया!” धावत गेले तर ताईंचं ग्लायडर मैदानावर येत होतं, पांढरं, लांब, आवाज नुसता वाऱ्याचा. दुसरं एकही आलेलं नव्हतं. हात आभाळाला टेकणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. मी पदर खोचून गवतातून पळत सुटले. ताईंनी काचेचं झाकण उघडलं. चेहरा उन्हानं लाल, आणि इतका आनंदी की मी तसा त्यांना कधीच पाहिला नव्हता.

“कुंदा, काय हवा होती ग! कारखान्यावर तर अशी वर नेली, अशी वर नेली! चिमणी एवढीशी दिसायला लागली.”

“कुठला कारखाना?” मी विचारलं.

“अग, साखर कारखाना. तुझा माहेरचा.”

“ताई, कारखाना काल होता. आज चर्च.”

त्या हसतच होत्या. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मागून नवरे आले, त्यांनी ताईंना खांद्यावर घ्यायची तयारी केली. मी हातानं त्यांना थांबवलं.

संध्याकाळपर्यंत फिल्म धुऊन झाली. फोटोत चिमणी होती. त्या दिवसाचे गुण गेले. कातालिन स्वतः तंबूत आली, ताईंच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “असं सगळ्यांचं होतं. मी एकदा आदल्या टास्कचा जुना कागद मांडीवर घेऊन उडाले होते आणि भलत्याच गावी पोचले. विसरून जा. उद्या शेवटचा दिवस, छान उडा.” ताईंनी मान हलवली. मलाही हायसं वाटलं. सगळ्यांचं होतं म्हणतात ना, मग झालं.

ती गेल्यावर ताईंनी नकाशा खाटेवर पसरला. ऊन अजून तंबूच्या कापडावर होतं.

“रेघ कुठं जातेय सांग.”

मी पाहिलं. “चर्चकडे.”

“हो ना? कागद जुना नव्हता, कुंदा. रेघ बरोबर होती, मांडीवर नकाशा होता. मी एकदाही खाली बघितलं नाही, कारण मला एकदाही वाटलं नाही की आपण चुकतोय. हे कातालिनचं नाही. हे वेगळं आहे.”

“दमला असाल, ताई. एवढं ऊन...”

“तू नको ग हे म्हणू!” ताई एकदम ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “सगळे हेच म्हणतात. मैदानावरची पोरं म्हणतात, मॅडम दमल्या. अरविंदला सांगितलं तर तो रडत बसेल आणि म्हणेल, काही नाही ग ताई. म्हणून तर तुला आणलं.”

“मला? मी म्हटलं, भाजणीसाठी आणलंत.”

“भाजणी कुणीही भाजतं. तू तोंडावर सांगतेस. एवढ्या वर्षांत तू मला गोड वाटावं म्हणून एकही गोष्ट बोलली नाहीस. मला असं एक माणूस हवं होतं.”

मी खाटेच्या कडेला बसले.

मग ताईंनी सांगितलं. हिवाळ्यात त्या पुण्यात वर होत्या. खाली मैदान दिसत होतं, शेड दिसत होती, कालवा दिसत होता. पण हे आपलं मैदान, हे काही केल्या ओळखू येईना. त्या नुसत्या फिरत राहिल्या. किती वेळ, त्यांना माहीत नव्हतं. मग अचानक ओळखलं आणि उतरल्या. पोरं म्हणाली, मॅडम, आज फार वेळ राहिलात वर. ताई म्हणाल्या, हवा छान होती रे.

“आणि डॉक्टर?” मी विचारलं.

“गेल्यावर बघू. आधी गेले असते तर त्यानं इथं येऊ दिलं असतं का?”

“अहो पण जिवाशी खेळ आहे हा!”

“माझ्या जिवाशी असता तर मी तुला त्रास दिला नसता. वर बाकीच्या पोरी असतात. एकाच हवेत पाच-पाच, सहा-सहा जणी फिरत असतो आम्ही.” ताईंनी नकाशाची घडी घातली, ती चुकली, परत घातली. “उद्या मला उडायचंय, कुंदा. फार उडायचंय. बरी असेन तर मी उद्या रेषा ओलांडून येईन आणि मग परत ग्लायडरमध्ये बसणार नाही, पुण्यातसुद्धा नाही. पण बरी आहे की नाही, ते मला नाही कळायचं. आज कुठं कळलं? ते तू बघ. पंख तुझ्या हातात असतो. वाटलं तर उचल, नाहीतर उचलू नकोस.”

“मला काय कळतंय त्यातलं, ताई?”

“उडण्यातलं नाही कळत. माझ्यातलं कळतं तुला.”

“आणि तुम्ही रागावलात तर?”

“रागावेन. तुला वाटेल ते बोलेन. तू ऐकू नकोस.” मग म्हणाल्या, “घरी मात्र माझं मला सांगू दे. आल्या आल्या तू तोंड उघडू नकोस.”

सकाळ अशी निघाली की देवानंच लक्ष घातलं असावं. आभाळ निळंभोर आणि त्यात कापसासारखे ढग. ताई माझ्याआधी उठून पंख पुसत होत्या. शेडमध्ये टास्क लिहिलं, पाण्याची टाकी आणि मग नदीवरचा पूल. ताईंनी रेघ ओढली. मी विचारलं, कुठं जायचं? त्यांनी बरोबर सांगितलं. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. नाश्ता करताना विचारलं तर म्हणाल्या, “परीक्षा घेतेस काय ग, मास्तरीण!” माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, कालचा दिवस खराब होता एवढंच, आज हिला घालवायचं. मी चतुर्थीसुद्धा बोलून ठेवली.

ओळ लागली. ऊन चढलं. आमच्या पुढचं ग्लायडर गेलं, आमच्यापुढं विमान येऊन उभं राहिलं, कुणीतरी दोर अडकवला. ताईंनी पट्टे आवळले, सगळे दांडे हलवून पाहिले. मी काचेपाशी वाकले.

“सुखरूप या, ताई.”

“येते ग. आज चिकार पोरं आहेत, मी दोन चकरा मारून लगेच येते.” त्यांनी झाकणाला हात घातला. “विंचवर कोण आहे आज? साठे असला तर सांग त्याला, हळू ओढ म्हणावं. फार हिसका देतो.”

त्यांनी झाकण लावून घेतलं.

पुण्याच्या मैदानावर विंच चालवणारा साठे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्याच्या घरी भेटायला गेले होते ताईंबरोबर.

मी पंखाच्या टोकापाशी जाऊन उभी राहिले. आतून ताईंनी मला बघितलं, छान हसल्या आणि अंगठा वर केला. माझे हात खाली गेले, पंखाला लागले, आणि तिथंच राहिले. मी उचलेना. ताईंनी पुन्हा अंगठा दाखवला. मग हातानं खूण केली, उचल. पुढचं विमान घरघरत होतं. झेंडा घेतलेला माणूस माझ्याकडं बघून काहीतरी ओरडला. मागच्या ग्लायडरच्या बाईचा नवरा, चांगला माणूस, त्याला वाटलं मला झेपत नाहीय. तो धावत आला आणि पंखाला हात घालायला लागला. मी त्याला ढकललं आणि सरळ पंखाच्या टोकावर आडवी पडले. साडी नेसलेली बाई अशी पंखावर पालथी, सगळी स्पर्धा बघतेय. मला कसलीच लाज वाटली नाही.

ताईंनी झाकण उघडलं.

“कुंदा! काय चाललंय तुझं? पंख उचल!”

“नाही उचलणार.”

“उचल म्हणते ना! मागं पोरं खोळंबलीत. माझ्या मैदानावर मला शिकवतेस? भावजय आहेस, भावजयीसारखी राहा! कुणी आणलं हिला इथं?”

“तुम्हीच आणलंत, ताई.” मी रडत होते आणि मोठ्यानं ओरडतही होते. “हे पुणं नाही. इथं विंच नाही. पुढं बघा, विमान आहे. आपण हंगेरीत आहोत. साठे गेला.”

त्यांनी पुढं पाहिलं. विमानाकडं, दोराकडं, त्या झेंडेवाल्या माणसाकडं. मग सूर्यफुलांकडं बराच वेळ. मी बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट परत येत होती, आणि देवा, ती आली नसती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यांनी हात पुढं केला, पिवळी मूठ ओढली आणि दोर खळकन गवतात पडला. ती मूठ ओढली म्हणजे आपण जात नाही.

आम्ही दोघींनी आणि त्या नवऱ्यानं मिळून ग्लायडर ओळीतून बाजूला ढकललं. मागच्या बायका एकामागून एक गेल्या. ताई गवतात बसल्या आणि त्यांनी पाठीचं पॅराशूट काढून मांडीवर घेतलं.

“नीट सांग. काय बोलले मी?”

मी सांगितलं. काही गाळलं नाही.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि हुंदके देऊन रडल्या. बँकेत साहेब असलेली, वादळात ग्लायडर उतरवणारी बाई, लहान मुलीसारखी. मीही रडले. आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडण्याचा प्रसंग आमच्या घरात तोवर आला नव्हता. वर ढगाखाली सगळ्याजणी गोल गोल फिरत होत्या.

मुंबईच्या विमानतळावर हे आले होते, मैदानावरची पोरं हार घेऊन आली होती. कुणीतरी विचारलं, “मॅडम, शेवटच्या दिवशी कितव्या आलात?”

“शेवटच्या दिवशी कुठली उडतेय?” ताई म्हणाल्या. “हिनं माझा पंखच उचलला नाही.”

पोरं हसली. त्यांना वाटलं, गंमत आहे. मी ताईंच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. माझं मला सांगू दे म्हणाल्या होत्या. पुढचं वाक्य आलं नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत नुसता राग होता.

घरी गेल्यावर मी त्यांना एकटं गाठलं. “ताई, सांगणार होता ना तुम्ही?”

“काय?”

“त्या संध्याकाळी तंबूत आपलं बोलणं झालं, नकाशा बघितला, ते.”

“कसलं बोलणं? तू मला सगळ्या जगासमोर खाली उतरवलंस. आणखी काय सांगायचंय त्यात?”

ती संध्याकाळ त्यांच्याजवळ उरली नव्हती. गवतातलं रडणं, माझा हात धरणं, ते ‘बरं केलंस’, काही म्हणजे काही नाही. न उचललेला पंख तेवढा राहिला होता. आणि तंबूत आम्ही दोघीच होतो.

येत्या रविवारी त्या पोरांना घेऊन उडणार होत्या. मग मी कशाला गप्प बसतेय? ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “तुझं तिच्याशी कधी पटलं नाही, पण इतकं?” मैदानावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. एक पोरगा मला म्हणाला, “काकू, तुम्ही घरी जा.” मी गेले नाही. ग्लायडरसमोर उभी राहिले, भांडले, म्हटलं, आधी डॉक्टरकडं न्या आणि मग काय ते करा. शेवटी नेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून हे माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. पोरंही येऊन पाया पडली. ताईंना मात्र एवढंच कळलं की हिनं पंख उचलला नाही, आणि आता हिनं आपलं उडणंही बंद केलं.

पुढं त्या आमच्याकडंच राहायला आल्या. हळूहळू सगळं गेलं. बँक गेली, पोरांची नावं गेली. एक दिवस ह्यांना त्यांनी विचारलं, “आपण कोण?” हे बाहेर जाऊन जिन्यात बसले. मला मात्र त्या शेवटपर्यंत ओळखायच्या. सांभाळायला नवीन बाई आली, तिनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, “आजी, ह्या कोण?”

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ही ती. हिनं माझा पंख उचलला नाही.”

“हो ताई. नाही उचलला.”

“का ग?”

सुरुवातीला मी खरं सांगायची. तुम्हीच सांगितलं होतं, म्हणायची. तंबू सांगायची, नकाशा सांगायची, साठे सांगायची. त्या ताट भिरकावून द्यायच्या, खोटारडी म्हणायच्या आणि दोन-दोन दिवस माझ्या हातचं पाणीही घ्यायच्या नाहीत. हाडांचा सापळा झाला होता त्यांचा. मग मी ते सोडलं.

“का नाही उचललास?” त्या रोज विचारायच्या.

“चुकलं माझं, ताई,” मी म्हणायची.

मग त्या तोंड उघडायच्या आणि मी घास भरवायची.